टाकीखालचं अर्धं गाव

आमच्या घरात सगळ्यात घाणेरडी सवय कुणाची, यावर कधी वाद झाला नाही. अण्णांची. ते मटणाच्या रश्श्याबरोबर केळं खायचे. शिकरणीला आमची ना नाही, पण इथं गरम भात, त्यावर सातारी तांबडा रस्सा आणि ताटाच्या कडेला सोललेलं अख्खं केळं. एक घास रश्श्याचा, त्यातच केळ्याचा लचका, आणि मग डोळे मिटून, मान हलवत दोन्ही एकत्र चावायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आई ताटावरून उठून थेट मागच्या दारी गेली, आणि तिथून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या बोनकोडे गावातली कुत्री तीन दिवस भुंकत होती. "सा वर्सं परमुलखात काढून मानूस शिकून काय आलं, तर ह्ये," ती तोंड पुसत परत येऊन म्हणाली. अण्णा शांतपणे म्हणाले, "तितं समदी अशीच जेवत्यात." "मग तितंच ऱ्हायचं हुतं की समद्यांत." यावर अण्णांनी दुसरं केळं सोललं.

अण्णा पॅनमन होते. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून आटवून त्याचा नेमक्या क्षणी दाणा पाडायचा, हे ज्याच्या हातात असतं तो पॅनमन. अण्णांचा हात असा की रसाचा थेंब दोन बोटांत धरून, ताणून, उजेडाकडे बघत ते सांगायचे, अजून बारा मिनिटं. आणि तेराव्या मिनिटाला कढईतून साखर बाहेर उडी मारायची. निदान मी तरी शाळेत असंच सांगत असे. या हातामुळेच त्यांना साताऱ्याहून उचलून सोमालियातल्या एका नदीकाठच्या गावी साखर शिजवायला नेलं. गावाचं नाव जोहर. आमच्या ओळीतल्या शेजाऱ्यांनी ते ऐकलं, आपापसांत बोलणी केली आणि निष्कर्ष काढला की अण्णा ठाणे जिल्ह्यातल्या जव्हारच्या पुढं कधी गेलेच नाहीत. पुढं तिकडं लढाई पेटली, अण्णा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले, आणि आम्ही सगळे कोपरखैरण्याच्या, त्यांनी तिकडं असतानाच पैसे भरून ठेवलेल्या बैठ्या घरात राहायला आलो. वर एक गच्ची, गच्चीवर पाण्याची काळी टाकी, खाली दीड खोली. या दीड खोलीत आम्ही चौघं, म्हणजे मी, आई, अण्णा आणि वास.

वासाचं सांगायलाच हवं, कारण तो घरातला कर्ता होता. सकाळी खाडीचा यायचा, कुजक्या अंड्यासारखा. दुपारी कारखान्यांच्या पट्ट्यातून एक पिवळा, गोडसर वास यायचा; तो आला की भिंतीवरच्या पाली खाली पडायच्या, हे मी शपथेवर सांगते. (दोन पडल्या होत्या.) संध्याकाळी वारा फिरला की घाऊक बाजारातला सडका कांदा. आणि या सगळ्यावर अण्णांचा लोबान. तिकडून ते दुसरं काही नाही, एक मातीचं धुपाटणं आणि मूठभर लोबान घेऊन आले होते. त्यावर ते स्वतःचे शर्ट धुरवायचे. जेवून झाल्यावर दातणाची एक काडी चावत दारात बसायचे आणि तिचा चोथा पुडीत गोळा करायचे. मला त्या काळात सगळ्याचीच शिसारी यायची. वय सोळा-सतरा, नवीन कॉलेज, वर्गातल्या मुली वाशीच्या उंच इमारतींतल्या, आणि माझ्या ओढणीला लोबान, कांदा आणि अंड्याचा वास. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, वडील परदेशात असतात. होते म्हणायचं टाळायचे.

अण्णा बोलायला बसले की मात्र नदी यायची. ती डोंगरांतून निघते, दुसऱ्याच देशात. पाणी दुधाच्या चहासारखं तांबूस. वाळवंटातून शेकडो कोस चालत समुद्राकडे येते. समुद्र आता हाताच्या अंतरावर आहे, लाटा ऐकू येतात म्हणा ना, आणि तिथं ही बया वळते. समुद्राला समांतर जाते, जात राहते, आणि शेवटी दलदलीत, वाळूत मुरून संपते. समुद्राला मिळतच नाही. हे ऐकून बारकूमावशी खो खो हसायची. बारकूमावशी बोनकोड्याची, खाडीची मासळी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची आणि आमच्या ओट्यावर टोपली टेकवून दम खायची. "काय सांगतंस दादा! नदी हाय का नवरी हाय, लाजून मागं फिराला? आमचे खारीन ये म्हनावं, गुमान दर्याला भेटंल." अण्णा म्हणायचे, "मावशी, मी डोळ्यांनी बघितलंय." "तुजे डोले केली खाऊन बिगारलेत."

उन्हाळ्याआधीचे महिने नदी आटते, पात्रात खड्डे खणून बायका वाटीवाटीनं पाणी काढतात. मग पाऊस डोंगरात पडतो आणि खाली गावात कोरड्या पात्रातून भिंतीएवढं पाणी येतं. काठावर मका, तीळ, केळी, ऊस. शेती करणाऱ्यांच्या गोल गवती झोपड्या. कारखान्याजवळ चुन्यानं रंगवलेली बैठी घरं, एकेकाळच्या गोऱ्या मालकांची. मधे मशीद, बाजार, आणि शेळ्या अशा की माणसांनीच त्यांच्या वाटेतून सरकायचं. दोन प्रकारची माणसं. एक नांगराची, एक उंटांची. उंटवाले पाण्याला यायचे, उंच, सडसडीत, आणि नांगरवाल्यांकडं असं बघायचे जसं आमच्या वर्गातल्या मुली माझ्या ओढणीकडं. नदी ओलांडायची तर आधी मगरवाल्याला गाठायचं. हा माणूस काठावर उभा राहून मगरींना समजावतो, मग लोक पाण्यात उतरतात. "आनि मगर आयकतं?" मावशी. "ऐकतं." "आनि नाय आयकलं तं?" अण्णा काडी चावत विचार करून म्हणाले, "मग मगरवाला बदलत्यात." मावशी इतकी हसली की टोपलीतली चिंबोरी पळाली आणि आई झाडू घेऊन तिच्यामागं.

आज लिहिताना कळतं, या सगळ्यात खोटं एक अक्षर नव्हतं. अण्णांना खोटं बोलताच येत नसे. ज्या माणसाचं आयुष्य नेमक्या मिनिटाला दाणा पाडण्यात गेलं तो मीठमसाला कुठून लावणार? मीठमसाला घरात एकटीच्या हातात होता. माझ्या.

एक गोष्ट अण्णा फार गंभीरपणे सांगायचे, आणि तीच मी सगळ्यात कमी ऐकली. तिकडं वाटसरू आला की आधी त्याला बसवतात आणि म्हणतात, बातमी सांग. पाऊस कुठं पडला, कुठली विहीर आटली, कुणाची उंटीण व्याली, कोण वारलं. त्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं तेच परत म्हणून दाखवायचं, आणि मग चहा. वेलची, दालचिनी, दूध आणि इतकी साखर की चमचा उभा राहावा. "बातमीत भर घालायची न्हाई," अण्णा माझ्याकडं बघत म्हणायचे. "कारन त्या बातमीवर मानसं गुरं हाकत्यात. पानी हाय म्हनलास आनि न्हवतं, तर कळप मरतो. खोटी बातमी देनाऱ्याला मारत न्हाईत. पर त्याला फिरून कोन चहा देत न्हाई." मी म्हणायचे, "बरं झालं, उलटी तरी होणार नाही." तसली साखर घातलेला चहा मला किळसवाणाच वाटायचा.

आम्ही राहायला आल्या वर्षी दाराला हिरवा ऑइलपेंट दिला होता. उरलेला डबा, त्यात घराच्या मागच्या खिडकीचा निळा आणि चुन्याचा पांढरा, हे सगळं घेऊन मी गच्चीवर गेले आणि दोन दुपारी राबून अख्खं जोहर रंगवून ठेवलं. इथून तिथवर नदी. अलीकडं कारखाना, पलीकडं झोपड्या, मशीद, बाजार, पूल. अण्णा ज्यांच्याकडं दुपारचं जेवायचे त्या महादचं घर, निळ्या दाराचं. महाद त्यांचा कढईवरचा जोडीदार. त्याच्या बायकोनं, हलीमानं, अण्णांना लोबानाची सवय लावली. हे ऐकल्यापासून आई त्या बाईचं नाव घेताना नाक मुरडायची. दक्षिणेला रस्ता, केळीचे मळे, शेवटी गच्चीच्या पायऱ्यांपाशी समुद्र. उत्तरेला मात्र विटांच्या चौथऱ्यावर टाकी होती. टाकीखाली कायम ओल, त्यावर बोटभर जाड हिरवं शेवाळ, त्यात गांडुळासारखं काहीतरी वळवळणारं. तिथं ब्रश टेकवायची मला किळस आली. मी नदी टाकीपर्यंत नेली आणि सोडून दिली. ओळीतली सगळी पोरं पुढची दोन वर्षं समजत होती की ती नदी आमच्या टाकीतून उगम पावते.

या नकाशावर मी सभा भरवायचे. पोरं, कॉलेजमधल्या दोन-चार मैत्रिणी, कधी कधी त्यांच्या आयाही. माझी मगर तीस फुटांची असायची आणि तिच्या पोटातून अख्खी घंटा वाजवणारी शेळी जिवंत निघायची. मगरवाल्याला मी सात बायका दिल्या होत्या, त्यातली एक स्वतः मगर. अण्णा खाली दारात काडी चावत ऐकत असायचे. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "शैले, तू सांगतीस ते गाव कुटलं गं?" मी म्हटलं, "तुमचंच." "न्हाई," ते म्हणाले आणि खाली गेले.

शेवटच्या दिवसांबद्दल मात्र अण्णांनी कधी काही सांगितलं नाही. लढाई गावाजवळ आली, आपल्याकडच्या माणसांना ट्रकात भरलं, यापुढं शब्द नाही. मी खोदून खोदून विचारलं. "ती बातमी तुजी न्हवं," एवढंच म्हणायचे. मला वाटायचं, हे कसलं नाटक. आणि वर्षातले सहा महिने ते घरी नसायचेच. ऊस गाळायला आला की देशावरच्या एका कारखान्यात हंगामापुरते जायचे. जाताना दरवेळी आईला सांगायचे, "कोन आलं माझी चौकशी करत, लांबचं, तर कारखान्यावर कळव. मी येतो." आई म्हणायची, "कोन येतंय लांबचं! खाडीचे डास येत्यात."

आणि एका हंगामात, अण्णा नसताना, तो आला.

सकाळी अकराचा सुमार. बारकूमावशी ओट्यावर निवट्या, चिखलातले ते बारके मासे, साफ करत होती, आई नाकाला पदर लावून तिच्याशी घासाघीस करत होती. गल्लीच्या तोंडाशी एक मुलगा उभा राहिला. इतका उंच की सांगून सोय नाही. आमच्या ओट्यावरचा पत्रा आणि त्याचे डोळे एका पातळीत. (मोजला नाही, पण पत्र्याखाली ओट्यावर येताना तो कमरेत वाकला हे खरं.) काळा, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घड्या पडून कापडासारखा मऊ झालेला कागद. कागदावर अण्णांच्या अक्षरात आमचा पत्ता. "अण्णा का घर?" त्यानं विचारलं. "मैं यूसुफ. महाद का बेटा."

आमच्या ओळीतली एकूण एक खिडकी उघडली. कुणी पोरांना आत ओढलं, कुणी मुद्दाम पुढं ढकललं. आईनं आधी त्याच्या चपलांकडं पाहिलं, मग आतल्या गादीकडं, आणि लगबगीनं गादीवरची चादर गुंडाळून घेतली. "हितंच बसू द्ये त्याला, ओट्यावं," ती माझ्या कानात म्हणाली. चहा तिनं केला, पण कपाटातल्या कपात नाही. कचरेवालीसाठी कोनाड्यात पालथा ठेवलेला एक कान तुटलेला कप होता, त्यात. मी पाहिलं. मीच तो नेऊन त्याच्या हातात दिला. मला तेव्हा किळस आली ती आईची किंवा कपाची नव्हे, सगळी ओळ बघतेय याची. हे आज लिहून ठेवते, कारण ते कुणी विचारणार नाही. बारकूमावशी तेवढी म्हणाली, "ये बाबा, वायच सर इकरं. निवट्या खातंस? तुमचे मगरीपक्षी बारीक हायेत." त्याला काही कळलं नाही, पण तो हसला, आणि त्याच फुटक्या कपातून आवाज न करता चहा प्यायला.

तो पुण्यात शिकत होता, लढाईच्या आधीपासून. घरची खबर तुटली होती. लढाई आली तेव्हा बाप आणि थोरला भाऊ साखरेच्या गाड्यांबरोबर राजधानीत अडकलेले. परत जाता आलं नाही. बाप पळापळीत वाटेतच वारला. भाऊ आता मोंबासाजवळच्या निर्वासितांच्या छावणीत होता, आणि बापाच्या खिशातला हा कागद त्यानंच पुण्याला पाठवला होता. त्याची आई गावात एकटी राहिली होती. ती कुठं गेली, आहे की नाही, हे दोन वर्षं कुणाला माहीत नव्हतं. "लास्ट में अण्णा थे वहाँ," तो म्हणाला. "माँ को देखा होगा. किधर गई, बोला होगा. आपको मालूम है कुछ?"

मी सांगायला हवं होतं: मला माहीत नाही, अण्णा कारखान्यावर आहेत, हा घे पत्ता, किंवा थांब, मी त्यांना कळवते. तीन दिवसांत अण्णा दारात उभे राहिले असते. एवढंच करायचं होतं. पण त्यानं आधी सहज म्हणून चौकशी केली, अण्णांनी निळ्या दाराचं सांगितलंय का, आणि मी मोडक्या हिंदीत म्हटलं, हो, आणि दाराशेजारी तुझ्या आईनं धुपाटणं ठेवायला केलेल्या कोनाड्याचंही. त्याचा चेहरा बदलला. मी पुलाचं सांगितलं, मशिदीमागच्या शेळ्यांचं, मगरवाल्याचं. "हाँ! हाँ! मगरवाला!" तो ओरडला, डोळ्यांत पाणी. मगरवाला खरा होता! मी स्वतःच चाट पडले. मी आयुष्यभर लोकांना गोष्टी सांगितल्या, लग्नांत, बारशांत, मयताच्या तेराव्यालासुद्धा सांगितल्या, पण त्या सकाळी त्या मुलानं जसं ऐकलं तसं कुणी ऐकलं नाही. पुढं सरकून, हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणते की मला त्याची दया आली. खोटं आहे. दया बिया काही नाही. मला सभा मिळाली होती.

"तुझी आई दक्षिणेला गेली," मी म्हटलं. शब्द आले तसे आले. केळ्यांचा ट्रक होता, त्यात मागं बसली. हातात तेच मातीचं धुपाटणं. समुद्राच्या बाजूला, किनाऱ्यानं खाली जायचं म्हणत होती. अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्यानं ते सगळं परत म्हणून दाखवलं. दक्षिणेला. केळ्यांचा ट्रक. धुपाटणं. किनारा. एकेक शब्द, हळू, डोळे माझ्यावर. मग विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, "पक्का." तो उठला, आपला पुण्याचा पत्ता लिहून दिला, दोन्ही हातांनी माझा हात धरला, आईला वाकून नमस्कार केला, आईनं पदर सावरत दोन पावलं मागं घेतली, आणि तो पत्र्याखालून वाकून गल्लीत उतरला. मावशी सुरी थांबवून माझ्याकडं बघत होती. "तुजे बापाशीनं असा कदी सांगला नाय गो," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू मासे कर." आईनं तो कप उकळत्या पाण्यात टाकला.

तिळगुळाच्या आसपास अण्णा दोन दिवसांच्या रजेवर आले. पिशवी ठेवली, पाय धुतले, आणि मावशीनंच ओट्यावरून सांगितलं, तुमचा पाहुणा येऊन गेला, माडासारखा. अण्णांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कोन? कवा?" महादचा मुलगा हे कळल्यावर ते खाली बसले. माझ्याकडं वळले.

"बातमी कुनी दिली?"

"मी."

"काय दिलीस?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच मला माझी गोष्ट सांगताना जीभ जड झाली. दक्षिणेला, ट्रक. अण्णांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर मी आज ते चौपट करून सांगितलं असतं. ते उठून गच्चीवर गेले. मी मागोमाग. नकाशाचे रंग उन्हानं उडाले होते, तरी सगळं दिसत होतं. "दक्षिन का म्हनलीस?" त्यांनी विचारलं. मी नकाशाकडं पाहिलं. गावातून बाहेर जाणारा रस्ता एकच होता, मी काढलेला. अण्णा टाकीपाशी गेले. "हितं काय हाय?"

"टाकी."

"टाकीच्या खाली?"

"शेवाळ."

"टाकीच्या खाली अर्धं गाव हाय, शैले," अण्णा म्हणाले. "त्येच्या वर नदीनं पायी आठ-दा दिसांची वाट. तितं बेलेदवेन गाव. हलीमाच्या भावाचं घर. त्या सकाळी मी तिला म्हनलं ट्रकात बस, न्हाई बसली. नदी कोरडी हाय, पात्रातनं शेळ्या घेऊन वर जाते म्हनली, भावाकडं. माझा ल्योक तुज्या दारात आला तर त्याला येवढं सांग, म्हनली. तिनं माझ्याकडनं परत म्हनून घेतलं." त्यांनी चौथऱ्यावर हात टेकवला. "मी दोन वर्सं ती बातमी पोटात धरून बसलोय. कुनाला सांगितली न्हाई, कारन ती त्याची हुती."

त्याच दुपारी आम्ही पुण्याच्या एसटीत बसलो. घाटात मला मागच्या बाकावर दोनदा उलटी झाली, आणि ती वळणांमुळं नव्हती. कंडक्टरनं कागदाची पिशवी दिली, शेजारच्या बाईनं लिंबू दिलं, आणि मला ते लिंबू हुंगायचीही लाज वाटली.

यूसुफ पुण्यातल्या कँप भागात एका खोलीत राहायचा, तीन खाटा, एक स्टोव्ह. अण्णांना बघून त्यानं त्यांच्या खांद्यात डोकं घातलं. मग माझ्याकडं बघून आनंदानं म्हणाला, भाईला फोन लावला होता, छावणीजवळच्या दुकानात. भाई निघाला. दक्षिणेच्या किनाऱ्यानं, होडीतून, आईला शोधायला. आज आठवा दिवस.

अण्णा खाटेवर बसले. "पहले बातमी," ते म्हणाले, म्हणजे हिंदीत जे जमलं ते. मग माझ्याकडं बघून मराठीत, "आधी तू." मी उभीच होते. मी म्हटलं, मी सांगितलं ते खोटं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. यूसुफनं ते ऐकलं. त्यानं ते परत म्हणून दाखवलं नाही. मग अण्णांनी त्यांची बातमी सांगितली, पाच-सहा वाक्यं, एकही शब्द जास्त नाही. आणि ती मात्र त्यानं शब्दन् शब्द परत म्हटली. कोरडी नदी. शेळ्या. वर, भावाकडं.

मग त्यानं स्टोव्ह पेटवला. दूध, वेलची, दालचिनी, साखर, आणखी साखर. खोलीभर तो चिकट गोड वास. फळीवर चार-पाच ग्लास होते. त्यानं दोन घेतले. एक अण्णांना, एक स्वतःला. मी दारापाशी उभी होते. तो माझ्याकडं रागानं बघत होता असं नाही, बघतच नव्हता. अण्णा ग्लास संपेपर्यंत सावकाश प्यायले आणि मला घोटभरसुद्धा पुढं केला नाही. आयुष्यात अनेक ठिकाणी मला हाकलून दिलंय, एकदा तर चालत्या टेम्पोतून. पण त्या खोलीत मला जेवढी माझीच घाण आली तेवढी कोपरखैरण्याच्या कुठल्याच वाऱ्यानं आणली नव्हती. कान तुटलेला कप तरी आम्ही त्याला दिला होता.

परत आल्यावर अण्णांनी रजा वाढवली. दोन माणसं बोलावून टाकी रिकामी केली, चौथरा फोडून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. ते शेवाळ त्यांनी स्वतः खरवडलं, गुडघ्यांवर बसून, हातांनी. त्याचा हिरवा चिकट लगदा घमेल्यात भरून खाली नेला. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "तू बग." दोन दिवस मी बघितलं. वास असा की मावशीसुद्धा गल्लीतून नाक दाबून गेली. ओल वाळल्यावर त्यांनी उरलेल्या निळ्या रंगानं नदी वर नेली, वाकडीतिकडी, कारण त्यांना चित्र कुठं येत होतं. आणि वरच्या टोकाला एक चौकोन काढला, आणि त्याला दार. आज त्या जागी तीन मजले चढलेत आणि कुणाचं तरी न्हाणीघर आहे, पण मला अजून तो चौकोन नेमका कुठं होता ते फरशी मोजून दाखवता येतं.

पाच महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं, अण्णांच्या नावानं, इंग्रजीत. अण्णा दारात बसले होते. त्यांनी ते फोडलं, उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्यापुढं धरलं. "वाच. हाय तसं."

मी वाचलं. आई बेलेदवेनला मामाकडं आहे, जिवंत आहे. शेळ्या राहिल्या नाहीत. भाऊ छावणीत परत आला, गोळी डाव्या पायाला लागली होती, आता लंगडतो. तिकडं पाऊस झाला, नदीला पाणी आलंय.

एवढंच होतं. नदी केवढी, गोळी कुणाची, तो किती दिवस रक्तानं माखून पडला असेल, हे कळल्यावर हलीमानं काय म्हटलं असेल, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. मी दात आवळून धरले.

"आनि?" अण्णांनी विचारलं.

"संपलं."

अण्णांनी ती चारही वाक्यं परत म्हणून दाखवली, भावाच्या पायासकट. मग काडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "चहा टाक."

मी आत गेले. वेलची कुटली, साखर घातली, आणखी घातली. आणि एकच कप गाळून त्यांना नेऊन दिला.